दीड हात जागा

आमच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाची दोन तालुक्याची गावे आहेत. एक मोरगाव अर्जुनी आणि दुसरी आमची, सडक अर्जुनी. मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारा महामार्ग आमच्या अंगावरून जातो. त्याला पूर्वी ६ नंबर होता, आता ५३ आहे. त्या सडकेमुळेच आमच्या गावाच्या नावापुढे 'सडक' हा शब्द लागला. एकदा आमच्या शेजारच्या घरच्या लग्नपत्रिकेत तो शब्द छापायचा राहून गेला आणि नवऱ्या मुलाचा आतेमामा थेट दुसऱ्या अर्जुनीत जाऊन उतरला. तिथेही त्या दिवशी एक लग्न होतेच. बिचारा जेवून, आहेर करून, नवरदेवाचे तोंड बघितल्यावर मग चपापला!

एका नावात दोन गावे राहू लागली, तर एक शब्द जोडून त्यांना वेगळे करता येते. पण एका जागेत दोन वस्तू राहू लागल्या तर काय करावे? प्रश्न हास्यास्पद वाटतो. तुम्ही म्हणाल, राहतीलच कशा? पेटीवर पेटी ठेवता येते, पेटीत पेटी घालता येत नाही. घातलीच तर आतली लहान असते आणि ती रिकाम्या जागेत बसते. लहान मुलालाही हे कुणी शिकवावे लागत नाही. मलाही गेल्या दिवाळीपर्यंत असेच वाटत होते.

मी फारसा शिकलेला माणूस नाही. दहावीला आमच्या घरात अजून मॅट्रिकच म्हणतात, आणि मॅट्रिकच्या पुढे माझी गाडी गेली नाही. एका लहानशा खाजगी शाळेत मुलांना मराठी शिकवतो, रात्री कादंबऱ्या लिहितो, आणि पावसाळ्यात चार महिने धानाच्या बांधीत उभा असतो. तत्त्वज्ञान हा माझा प्रांत नव्हे. तरी या दिवाळीला एक तत्त्वज्ञानाचा प्रश्न तुमच्यापुढे मांडतो आहे, कारण तो पुस्तकातून माझ्याकडे आलेला नाही. तो माझ्या पुतण्याच्या संगणकातून आला, आणि आला तो सरळ माझ्या छातीवर येऊन बसला.

पुतण्या नागपुरास ॲनिमेशन शिकतो. गेल्या दिवाळीत तो घरी आला तो आपला संगणक घेऊनच. आमचे जुने घर आता दोन भावांत वाटले गेले आहे. ते वाटणीपूर्वी कसे होते, तसे त्याला संगणकात उभे करायचे होते. सपरी, माजघर, धानाची ढोली, गोठा, अंगणातले तुळशीवृंदावन, आणि घरामागची आमची बांधी. त्याच्या आजीला ते दाखवायचे, असे त्याच्या मनात होते. माझी आई आता ऐंशीच्या घरात आहे आणि तिला जुनेच सारे आठवते.

रात्री जेवणे झाल्यावर मी त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर आमचे माजघर होते. ओळखीचे कोनाडे, ओळखीची खुंटी. पण आईची बाज भिंतीत शिरलेली! दोन पाय अलीकडे, दोन पाय भिंतीच्या आत. मी म्हटले, "अरे, बाज भिंतीत घुसली की!"

तो हसला. "काकाजी, इथं कोणीच कोणाला अडवत नाही. मी सरकवली, ती सरकली."

मला ते विलक्षण वाटले. त्याने मग मला समजावून सांगितले. त्या जगात बाज म्हणजे बाजेचे नुसते कातडे. ठिपके, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषा आणि रेषांवर ताणलेली पाती. आत काही नाही. भिंतही तशीच पोकळ. पोकळातून पोकळ गेले तर आवाज कसला व्हायचा? त्याने मला भिंतीच्या आतही नेऊन आणले. बाहेरून मातीची, पोपडे आलेली, अगदी आमची भिंत. आत गेल्यावर काहीच नाही.

या प्रोग्रामचे नाव ब्लेंडर. हॉलंडमधील टॉन रोझेनडाल नावाच्या गृहस्थांनी तो १९९० नंतरच्या काळात घडवला. २००२ साली त्यांची कंपनी बंद पडली. तेव्हा जगभरच्या लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवले आणि तो प्रोग्राम धनकोंच्या हातून सोडवून सर्वांसाठी खुला करून घेतला. आज तो कुणालाही फुकट मिळतो. सडक अर्जुनीच्या पोराच्या हातात तो आला तो त्या वर्गणीमुळेच. ही गोष्ट मी मनाशी बाजूला ठेवली. तिच्याकडे मला शेवटी परत यायचे आहे.

"मग तुमच्या जगात बाज भिंतीला टेकवायची तरी कशी?" मी विचारले.

"प्रत्येक वस्तूला सांगावं लागतं की तू कडक आहेस. सांगितलं नाही, तर ती भुतासारखी."

मला वाटते, त्या रात्री मला झोप न येण्याचे पहिले कारण हे वाक्य. आपल्या जगात ही कडकपणाची देणगी वस्तूला फुकट मिळालेली आहे. शास्त्र सांगते की, अणूचा बहुतेक भाग रिकामाच असतो. म्हणजे माझी बाज आणि माझी भिंत पुतण्याच्या संगणकातल्याइतकी नव्हे, तरी पुष्कळच पोकळ. तरीसुद्धा हात टेबलातून आरपार जात नाही. १९२५ साली पाउली या शास्त्रज्ञाने नियम मांडला की, दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. आणि जड वस्तू एकमेकींत कोसळून न जाता आपापली जागा धरून राहतात, त्याच्या मुळाशी हाच नियम आहे, हे १९६७ साली डायसन आणि लेनर्ड या दोघांनी गणिताने सिद्ध केले. म्हणजे 'ही जागा माझी, तू बाजूला हो' हे वाक्य सृष्टीच्या अगदी तळाशी कोरलेले आहे. आपल्या वैशेषिकांनीही मूर्त द्रव्यांविषयी हेच म्हटले होते की, दोन मूर्त द्रव्ये एकाच वेळी एका ठिकाणी राहू शकत नाहीत.

संगणकातल्या जगाला मात्र हा वारसा मिळालेला नाही. तिथे तो नियम माणसाने हाताने घालावा लागतो, आणि तो घालताना किती कष्ट पडतात हे पाहिले म्हणजे आपल्या जगाची किंमत कळते.

पुतण्याने सांगितले त्यातले मला समजले ते असे. शंभर वस्तू असतील, तर कोण कुणात शिरले हे पाहण्यासाठी ४,९५० जोड्या तपासाव्या लागतात, आणि त्याही दर क्षणी. एवढा खटाटोप परवडत नाही. म्हणून आधी प्रत्येक वस्तूभोवती एक चौकोनी खोके कल्पायचे. खोक्याला खोके लागले नाही, तर आतल्या वस्तू लागणे शक्यच नाही. ती जोडी सोडून द्यायची. खोकी लागली, तरच पुढची बारीक तपासणी. ती करण्याच्या रीती निराळ्या. एक साधी रीत अशी की, ज्यांना खोबण नाही अशा दोन वस्तूंच्या मधून एखादा सपाट पत्रा सरळ आरपार घालता आला, तर त्या वेगळ्या आहेत, नाहीतर त्या एकमेकींत शिरल्या आहेत. दोन वस्तूंमधले अंतर काढण्याची एक नावाजलेली रीत १९८८ साली गिल्बर्ट, जॉन्सन आणि कीर्ती या तिघांनी मांडली.

मी शिक्षक आहे; ऐकता ऐकता माझे मन दुसरीकडे जातेच. मला वाटले, खोक्याला खोके लागले म्हणजे वस्तूला वस्तू लागली असे संगणकसुद्धा मानत नाही. तो थांबतो, जवळ जाऊन नीट बघतो. आपण मात्र आडनावाचे खोके, जातीचे खोके, गावाचे खोके एकमेकांना टेकले की लगेच टक्कर झाली असे धरून चालतो. शाळेत दोन मुलांचे भांडण माझ्याकडे आले म्हणजे मी तरी दुसरे काय करतो? कोण कुणाचा, ते आधी बघतो.

आणखी एक गंमत त्याने सांगितली. ही तपासणी अखंड चालत नाही. ठरावीक क्षणांनी होते. मधल्या काळात डोळे मिटलेले. चेंडू फार वेगाने आला आणि भिंत पातळ असली, तर एका तपासणीत चेंडू अलीकडे दिसतो, पुढच्या तपासणीत पलीकडे. दोन्ही वेळा तो भिंतीत नसतो! म्हणजे कागदोपत्री तो निर्दोष, आणि भिंत तर ओलांडलेली. मी मोठ्याने हसलो. म्हटले, "हे तर आमच्या मोजणीसारखं झालं. दोन मोजण्यांच्या मधे काय घडतं, ते कोण बघतो?"

हे बोललो, आणि का कुणास ठाऊक, माझे मला कसेसेच झाले.

दुसऱ्या दिवशी त्याने बांधी करायला घेतली. त्याच्या बापाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, त्याने लांबी-रुंदी विचारली. दादाने पेटीतून वाटणीचा कागद काढला आणि त्यात लिहिलेले सांगितले: रुंदी १२० फूट. मग तो माझ्याकडे आला. त्याच उन्हाळ्यात मी पाइप टाकण्यासाठी माझी बांधी टेपने मोजली होती. आकडा डोक्यात ताजा होता. मी म्हटले, "१२२ फूट आणि वर तीन इंच." टेपने सांगितले ते तोंडाने सांगून टाकले. आत काय दडले आहे याची तोंडाला वर्दी नव्हती.

त्याने पूर्वेच्या धुऱ्यापासून बापाची बांधी पसरली, पश्चिमेच्या धुऱ्यापासून माझी. एकूण रुंदी नकाशावरून त्याला माहीत होती, २४० फूट. एकाला हिरवा रंग दिला, दुसऱ्याला पिवळा. आणि मला हाक मारली.

"काकाजी, हे बघा. ही पट्टी चमकून राहिली."

दोन्ही बांध्यांच्या मधोमध एक अरुंद पट्टी थरथरत होती. नजरेचा कोन जरा बदलला की हिरवी, जरा बदलला की पिवळी. मधेच दोहोंचे पट्टे, मधेच ठिपके. त्याने सांगितले की, दोन सपाट पृष्ठे अगदी एकाच जागी, एकाच उंचीवर आली, म्हणजे पुढे कोण आणि मागे कोण हे संगणकाला ठरवता येत नाही. दर ठिपक्याला तो निराळे उत्तर देतो, आणि मग असे लुकलुकते. "माप कोणाचं तरी चुकलं असेल," तो म्हणाला, आणि चहा प्यायला उठून गेला.

मी तिथेच बसून राहिलो. माप कुणाचेही चुकले नव्हते. १२० आणि १२२ फूट ३ इंच यांची बेरीज २४० होत नाही, हे चौथीतल्या पोराला कळते. पण ती बेरीज आम्ही दोघा भावांनी अकरा वर्षांत एका कागदावर कधी केली नव्हती.

वाचकहो, दिवाळीच्या दिवशी कुणी आपले पाप सांगत बसत नाही. पण त्याशिवाय हा लेख पुढे जायचा नाही. धानाच्या बांधीचा धुरा दर उन्हाळ्याअखेर दुरुस्त करावा लागतो. नाहीतर पाणी थांबत नाही. आमच्या मधल्या धुऱ्याची दुरुस्ती माझ्याकडे असे, कारण दादाची कंबर धरलेली. ती दुरुस्ती करताना मी माझ्या बाजूने कुदळीने धुरा तीनएक बोटे तासत असे, आणि तीच माती पलीकडे लिंपून टाकत असे. धुरा तेवढाच रुंद दिसतो, तेवढाच उंच दिसतो. फक्त सरकलेला असतो. पहिल्या वर्षी बहुधा हात वाकडा पडला म्हणून झाले असेल. दुसऱ्या वर्षी मला कळले होते. तिसऱ्या वर्षापासून मी कळू दिले नाही. अकरा वर्षे तीनएक बोटे, म्हणजे दीड हात. तीनशे फूट लांबीच्या बांधीत ती जागा अर्ध्या गुंठ्याहून थोडी जास्त भरते. त्यात वर्षाला वीस-पंचवीस किलो धान होत असेल. एवढ्यासाठी!

'एवढ्यासाठी' हा शब्द मी लिहिला खरा, पण तो खोटा आहे. धान हे कारणच नव्हते. वाटणीत दादाला विहिरीची बाजू गेली, हे मी मनात धरले होते. बोलून दाखवले असते तर अर्ध्या तासात मिटले असते. बोललो नाही. जे तोंडाने मागायला लाज वाटली ते कुदळीने घेतले.

त्या पट्टीचे लुकलुकणे थांबवायला पुतण्यापाशी तीन उपाय होते. ते तिन्ही तो मला सहज, कामाच्या गोष्टी म्हणून सांगत होता. मी मात्र कोर्टात उभा असल्यासारखा ऐकत होतो.

पहिला उपाय सगळ्यांत सोपा. एक बांधी केसभर वर उचलायची. मग वरची तेवढी दिसते, खालची झाकली जाते, लुकलुकणे बंद. बघणाऱ्याला काही कळत नाही. पण दोन्ही पृष्ठे तिथे असतातच. घरोघरी हाच उपाय चालतो. एकाचा आवाज केसभर वर असतो, दुसऱ्याचे म्हणणे त्याखाली झाकले जाते, आणि लोक म्हणतात, काय गुण्यागोविंदाने राहतात!

दुसरा उपाय कायद्याचा. दोघांनाही कडक करायचे आणि चाल सुरू करायची. पण पुतण्या म्हणाला, तसे केले तर फजिती होते. आधीच एकमेकांत शिरून बसलेल्या वस्तूंना कडकपणा दिला, तर प्रोग्राम त्यांना एकदम दूर ढकलतो, आणि त्या अशा जोराने उडतात की सारे दृश्यच विस्कटते. त्याने दोन ठोकळे घेऊन मला ते करूनही दाखवले. एक ठोकळा माजघराच्या छपरावरून उडून बाहेर गेला. मला आमच्या भागातली किती तरी भाऊबंदकीची भांडणे आठवली. वर्षानुवर्षे शिरकाव चाललेला, कुणी बोलत नाही. मग एक दिवस मोजणी येते, वकील येतो, दोघेही एका रात्रीत दगड होतात, आणि दीड हाताच्या जागेपायी भाऊ भावाच्या मयतीला जात नाही. कडकपणा वाईट नव्हे. पण तो चढवण्यापूर्वी ज्याने शिरकाव केला त्याने बाहेर यायला हवे.

तिसरा उपाय तोच. ज्याची कड पुढे गेली असेल, त्याने ती धरून मागे घ्यायची. बस.

"पण कोणाची गेली ते कसं कळणार?" मी विचारले. काय हे धाडस माझे!

"ते संगणकाला नाही कळत, काकाजी. त्याला एवढंच कळते की दोघं एका जागी आहेत. कोणी सरकायचं, ते आपणच सांगावं लागते."

येथे प्रश्न नीतीचा होतो. वस्तूंना एकमेकांत शिरू न देणे हे काम सृष्टीने दगडमातीपुरते करून ठेवले आहे. माणसाच्या जगात धुरा, कुंपण, सातबारा, मोजणी ही आपण हाताने घातलेली व्यवस्था, आणि तिचे डोळे ठरावीक वेळीच उघडतात. मधल्या काळात माझ्या कुदळीला अडवणारे मीच एक होतो.

आणि जमिनीचे तरी मापता येते, माणसांचे काय? आई परवा पडद्यावर आपले जुने घर बघताना म्हणाली, "हे सारं तुमचं झालं. माझी बसाची जागा कुठे होती गा यात?" आम्ही दोघे भाऊ शोधू लागलो. माजघर होते, चूल होती, गोठा होता. या प्रत्येक ठिकाणी ती असे. पण तिची म्हणून जागा कुठेच नव्हती. तिच्या वेळेत आम्ही शिरलो, झोपेत शिरलो, ताटातल्या भाकरीत शिरलो, आणि कुठे आवाज झाला नाही. तिला कडक हो म्हणून कुणी सांगितलेच नव्हते. ज्यांच्यातून आपण रोज आरपार जातो, अशी माणसे प्रत्येक घरात असतात. ती मऊ आहेत म्हणून त्यांना कड नाही, असा हिशेब आपण धरतो. तो माझ्या धुऱ्याच्या हिशेबासारखाच आहे.

मग काय, प्रत्येकाने आपापल्या खोक्यात कडक होऊन बसावे? तसेही मला वाटत नाही. पुतण्याच्या प्रोग्राममध्ये एक छान सोय आहे. कडक वस्तूभोवती एक बारीकशी मोकळी कड राखता येते. न सांगता ती चार सेंटिमीटर धरलेली असते. वस्तू एकमेकींना भिडण्यापूर्वीच त्या कडेशी थबकतात, म्हणून हिशेब बिघडत नाही. आमचा धुरा म्हणजे तरी काय? तो याचाही आहे आणि त्याचाही. त्याच्यावरून दोघेही चालतात, आमच्याकडे त्याच्यावर तूर लावतात, गाय चुकून तिथले गवत खाते तर कुणी हाकलत नाही. दोघांनीही आपापल्या हक्कातले थोडे सोडले म्हणून धुरा उभा राहतो. मी दीड हात जमीन चोरली असे म्हणालो. पण खरे म्हणजे मी त्याआधी धुरा चोरला होता.

आणि जिथे खरोखरच दोघांना एकच जागा हवी असते, तिथे तिसरी वाट असू शकते. आमच्या सडकेच्या दोन अंगांना नवेगाव आणि नागझिऱ्याचे जंगल आहे. २०१३ साली या दोहोंना मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. नकाशावर बघा: सडक पूर्व-पश्चिम जाते, वाघाची वाट उत्तर-दक्षिण. कागदावर त्या एकमेकींना कापल्याशिवाय राहत नाहीत. गाड्याही खऱ्या आणि वाघही खरा; हटवायचे कुणाला? नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या ४४ नंबरच्या महामार्गावर, पेंचच्या जंगलात, याचे उत्तर निघाले. महाराष्ट्राच्या हद्दीत तिथे सडक नऊ ठिकाणी खांबांवर उचलली. त्यातली मोकळी जागा कुठे पन्नास मीटर आहे, तर कुठे साडेसातशे. २०१९ साली डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने लावलेल्या कॅमेऱ्यांत अठरा जातींची रानजनावरे त्या पुलांखालून जाताना टिपली गेली. त्यांत वाघही होता. कागदाला दोनच बाजू असतात. लांबी आणि रुंदी. कुणीतरी उंचीचा विचार केला, आणि जे दोघे एकमेकांचा जीव घेत होते ते एकमेकांच्या वरून-खालून सुखाने जाऊ लागले. पुष्कळ भांडणे आपण कागदावरच भांडतो, म्हणून ती सुटत नाहीत. विहिरीचे पाणी मी मागितले असते, तर पाइपाने ते कधीच आले असते. त्यासाठी जमीन सरकवण्याची गरज नव्हती.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी दादाकडे गेलो. वहिनी सपरीत पणत्या लावत होती. दादा बाजेवर बसला होता. मी वाक्ये पाठ करून गेलो होतो. कादंबरीकाराला वाक्यांची काय वाण! पण एकच निघाले. "दादा, मधला धुरा माझ्याकडून सरकला आहे. दीड हात."

तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मले ठाऊक होतं गा."

"मग बोलला काहून नाही?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. मग वाटलं, बोललो आणि तू नाही म्हणालास, तं मंग काय करायचं? जमीन तं दीड हातच गेली होती."

मी मान खाली घातली. अकरा वर्षे तो रोज त्या धुऱ्यावरून गेला होता. त्याला हात-हात धुरा सरकताना दिसत होता, आणि तो भाऊ मोजत होता. मी जमीन मोजत होतो. तरीही आज विचार करतो तेव्हा वाटते, त्याचे ते मौन थोर असले तरी ते मला परवडले नाही. दुसऱ्या वर्षीच त्याने हाक मारली असती, तर माझी पुढची नऊ वर्षे वाचली असती. आपली कड सांगणे हे नेहमीच भांडण नसते. समोरच्याला चोर होण्यापासून वाचवणेही त्यात असते. हे मी त्याला बोललो नाही. चोराने सावाला उपदेश करू नये.

यंदा मृगाआधी आम्ही दोघांनी मिळून धुरा परत जागेवर नेला. कंबर धरलेली असूनही दादाने दोरी धरली. मी माती ओढली. वहिनीने त्यावर तूर टोचली. आता दिवाळीला हलके धान कापणीला आले आहे आणि धुऱ्यावरच्या तुरी कमरेच्या वर गेल्या आहेत. त्या कुणाच्या, हे अजून ठरलेले नाही. ठरवण्याची घाईही नाही.

एक गोष्ट राहिली. जैन विचारात आकाशाचे काम सांगितले आहे, ते म्हणजे सगळ्यांना जागा देणे. एवढ्याशा जागेत इतके सारे मावते कसे, हे सांगताना तिथे दिव्यांचा दृष्टांत येतो. एका खोलीत अनेक दिवे लावले, तर प्रत्येकाचा प्रकाश साऱ्या खोलीभर पसरतो आणि एकाचा प्रकाश दुसऱ्याला ढकलत नाही. त्या रात्री दादाच्या सपरीत बसलो असताना मला ते डोळ्यांनी दिसले. त्याच्या पणत्यांचा उजेड माझ्या अंगणात येत होता, माझ्या घरच्या पणत्यांचा त्याच्या भिंतीवर पडला होता. कुठे लुकलुकणारी पट्टी नव्हती. जगभरच्या लोकांनी वर्गणी काढून मोकळा केलेला तो प्रोग्रामही याच जातीचा. तो माझ्या पुतण्याकडे आला म्हणून दुसऱ्या कुणाकडचा कमी झाला नाही.

तेव्हा जगात दोन जातींच्या वस्तू आहेत असे मला वाटू लागले आहे. जमीन, भाकरी, बाज, झोपेची वेळ यांना कड आहे. तिथे दोघे एका जागी मावत नाहीत, आणि तिथे धुरा राखलाच पाहिजे. उजेड, विद्या, गाणे, माया यांना कड नाही. तिथे धुरा घालणारा मूर्ख. माझी चूक एवढीच झाली नाही की मी दुसऱ्याच्या जमिनीत शिरलो. विहिरीच्या रागापायी मी त्याच अकरा वर्षांत दिवाळीला दादाच्या सपरीत बसायला गेलो नव्हतो. जिथे धुरा हवा होता तिथला मी सरकवला, आणि जिथे नको होता तिथे बांधून ठेवला.

पुतण्याने पडद्यावरची पट्टी दुरुस्त केली. माझी पिवळी कड दीड हात मागे घेतली; त्याला दोन क्षण लागले. मग आजीसाठी त्याने माजघरात, चुलीच्या उजव्या हाताला, एक पाट मांडला आणि तो कडक केला. आता बाज सरकवली तरी पाटाला टेकून थांबते. आई रोज संध्याकाळी एकदा तो बघायला मागते.

या दिवाळीत खराही पाट तिथेच मांडला आहे.